ट्रेनरसमोर ऐकतो, मग घरी का नाही?

मागच्या अंकात मी विचारलं होतं की कुत्र्यासाठी ट्रेनर लावला असेल तर अनुभव काय आला ते लिहून पाठवा. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, आणि त्यातली निम्मी वाचताना गलबलून आलं. लोकं पैसे खर्च करतात, विश्वासाने आपलं जनावर दुसऱ्याच्या हातात देतात आणि मग काहीतरी बिनसलं की स्वतःलाच दोष देत बसतात. नावं छापू नका असं बहुतेकांनी सांगितलंय म्हणून फक्त गावं दिलीयेत.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचा लॅब्राडॉर ब्रूनो नऊ महिन्यांचा आहे, आम्ही दोघंही नोकरीला जातो, सासूबाईंना तो झेपत नाही, ओढतो, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, म्हणून एका ट्रेनरकडे महिनाभर ठेवला. कर्जतच्या बाजूला त्यांचं फार्महाऊस आहे, तीस हजार घेतले. रोज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ यायचे, सिट, डाऊन, स्टे सगळं झकास. घरी आला आणि आठ दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. ट्रेनर म्हणतात तुम्ही फर्म नाही आहात. अजून एक गोष्ट, पंख्याचं बटण लावायला हात वर केला की तो एकदम जमिनीला चिकटतो आणि डोळे मिटून घेतो. आधी असं कधीच करत नव्हता. (ठाणे)

उत्तर: ताई, आधी त्या पंख्याच्या बटणाबद्दल बोलू, सिट आणि स्टे नंतर बघता येईल. तिथे महिनाभर काय झालं ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे कुणावर आरोप करणार नाही. पण जो कुत्रा आधी वर उठलेल्या हाताकडे बघतही नव्हता तो आता हात उठला की डोळे मिटतो, म्हणजे या महिन्यात वर उठलेल्या हाताचा त्याला काहीतरी अनुभव आलाय. आज रात्री तो शांत पडलेला असताना मानेवरचे केस बोटांनी बाजूला करून बघा, पट्ट्याच्या जागी केस तुटलेत का, कातडी काळसर किंवा जाड झालीये का, कानामागे दाबलं तर मान आखडतो का. मग एकदा डॉक्टरांना दाखवून या. आणि ट्रेनरना सरळ विचारा की कोणता पट्टा वापरला आणि चुकलं की काय करत होता. व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ बघाल तर त्यात कुत्रा बसलेलाच दिसतो, बसायच्या आधीची दहा सेकंद कधी नसतात, ती मागा.

भीती काढायला वेळ लागेल पण निघते. उकडलेल्या चिकनचे चण्याएवढे तुकडे करा, तुम्ही खाली जमिनीवर बसा, हात फक्त छातीपर्यंत उचला आणि त्याच हातातून तुकडा खाली पडू दे. त्याला बोलवायचं नाही, जवळ ओढायचं नाही, हात उचलला की खाऊ पडतो एवढंच त्याला दिसलं पाहिजे. दिवसातून दोनदा, एका वेळी सात-आठ वेळा, बास. तो हाताकडे बघून शेपूट हलवायला लागला की मग खांद्यापर्यंत, मग डोक्यावर, मग उभं राहून, आणि पंख्याचं बटण सगळ्यात शेवटी. मध्ये कुठे दचकला तर एक पायरी मागे या. घरातल्या प्रत्येकाने हे करायचं, सासूबाईंनीसुद्धा, त्यांना खुर्चीत बसून जमेल.

आता तो घरी का ऐकत नाही ते. कुत्रा शब्द एकटा शिकत नाही, तो जागा, माणूस, वास, पायाखालची जमीन सगळं मिळून शिकतो. फार्महाऊसच्या मातीवर त्या माणसाच्या आवाजात सिट म्हणजे बस, एवढं त्याला पक्कं कळलंय. ठाण्याच्या टाईल्सवर, कुकरची शिट्टी चालू असताना, सासूबाईंच्या आवाजात तोच शब्द त्याच्यासाठी जवळजवळ नवा असतो. माझ्याकडे येणारी कितीतरी कुत्री स्वयंपाकघरात पुतळ्यासारखी बसतात आणि सोसायटीच्या गेटपाशी तोच शब्द ऐकून माझ्याकडे नुसती बघत राहतात, ही त्यांची अकड नसते.

शिवाय वय बघा ना. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास छापला, गाईड डॉग म्हणजे अंधांना वाट दाखवणारी कुत्री होणाऱ्या पिल्लांवर केलेला, आणि त्यात दिसलं की पाचव्या महिन्यापेक्षा आठव्या महिन्यात कुत्रं आपल्याच माणसाचं कमी ऐकतं पण अनोळखी माणसाचं ऐकणं काही तसं कमी होत नाही. घरात सोळा वर्षांचा मुलगा असेल तर हे वेगळं सांगायला नको. म्हणजे ट्रेनरचं ऐकतो आणि तुमचं नाही यात तुम्ही फर्म असण्या-नसण्याचा संबंध फार थोडा आहे, हे मनातून काढून टाका.

तुम्ही आता शून्यापासून सुरू करा, आणि वाटतं तितकं ते अवघड नाही. दोन वेळच्या जेवणाआधी पाच-पाच मिनिटं, त्याच्याच वाटीतले दाणे वापरून. पाहुणे येणार असतील तर दार उघडायच्या आधी पट्टा लावून आतल्या खोलीत न्या, पाहुणे बसले, गडबड संपली की मग आणा, म्हणजे उडी मारायची संधीच मिळत नाही. आणि खरं सांगायचं तर मला हे कुत्रं लांब पाठवून शिकवणं पटतच नाही. शिकायचं असतं घराने, आणि घर तर ठाण्यातच राहतं. कुणाला अगदी इलाज नसेल तर निदान दर आठवड्याला स्वतः जाऊन, न सांगता जाऊन, बघता आलं पाहिजे. ट्रेनर नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडे पाच महिन्यांचा हस्की आहे. ट्रेनर सांगतात की आपण अल्फा म्हणजे कळपाचे म्होरके आहोत हे दाखवायचं, आधी आपण जेवायचं मग त्याला द्यायचं, दारातून आधी आपण जायचं, आणि जास्त मस्ती केली तर पाठीवर पाडून धरून ठेवायचं. परवा धरलं तर तो किंचाळला आणि त्याने सू केली. बरोबर करतोय का मी? (नाशिक)

उत्तर: नाही रे, पाठीवर पाडणं आजच बंद कर. तू वाईट मुलगा नाहीयेस, तुला सांगितलं तसं तू केलंस, पण पाच महिन्यांच्या पिल्लाने घाबरून सू केली हे त्याने तुला दिलेलं उत्तरच आहे.

हे अल्फा प्रकरण आलं कुठून ते समजून घे. रुडॉल्फ शेंकल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांबद्दल लिहिलं, ते मारामाऱ्या करायचे. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे अल्फा हा शब्द जगभर गेला. पण त्याच मेक यांनी कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या कळपाजवळ कितीतरी उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे गादीसाठी कुणी लढत नसतं. आपलंच म्हणणं चुकलं असं जाहीर सांगणारा माणूस मला फार मोठा वाटतो. आणि तुझा हस्की तर लांडगासुद्धा नाही.

आधी तू जेवलास काय किंवा तो जेवला काय, काही फरक पडत नाही. दारात थांबायला जरूर शिकव, पण ते रस्त्यावर गाडी असते म्हणून. मस्ती वाढली की बहुतेक वेळा पिल्लू दमलेलं किंवा झोपेला आलेलं असतं, चघळायला काहीतरी दे, अंधाऱ्या खोलीत गार फरशीवर झोपू दे. नाशिकचा उन्हाळा हस्कीच्या अंगावरच्या केसांना किती जड जातो ते तुला माहीतच असेल.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ७१. गेल्या पावसाळ्यात एक गावठी कुत्री दारात आली ती राहिलीच, राणी नाव ठेवलंय, डॉक्टर म्हणाले तीन वर्षांची असेल. मुलगा म्हणतो गावठी कुत्री ट्रेन होत नाहीत आणि हे वयही गेलं, ट्रेनरवर पैसे घालवू नका. दुसरं असं की कमांड इंग्रजीतच द्याव्या लागतात का? मी तिच्याशी मराठीतच बोलतो. (कोल्हापूर)

उत्तर: आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाला माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की उत्तराखंड पोलिसांनी २०१९ मध्ये रस्त्यावरचं एक देशी कुत्रं, ठेंगा नावाचं, ट्रेन करून आपल्या श्वानपथकात घेतलं. आणि तुमच्या कोल्हापूरहून फार लांब नसलेल्या मुधोळच्या देशी शिकारी कुत्र्यांची पिल्लं २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या सेंटरला ट्रेनिंगसाठी नेली. गावठी कुत्र्यांचं काय असतं, ती शहाणी असतात, रस्त्यावर जगलेली असतात, त्यामुळे तुमचं सांगणं आपल्या फायद्याचं आहे का हे आधी बघतात. लॅब्राडॉर एका बिस्किटावर दहा वेळा बसेल, राणी तिसऱ्या वेळेला तुमच्याकडे बघेल की झालं ना आता, आणि निघून जाईल. म्हणून तिच्यासोबत दोन-तीन मिनिटंच करायचं, आणि ती कंटाळायच्या आत आपण थांबायचं. वयाचं म्हणाल तर दहा-दहा वर्षांची कुत्री नवीन गोष्टी शिकताना मी पाहिली आहेत.

भाषेचं एकदम सोपं आहे. त्यांच्यासाठी शब्द म्हणजे नुसता आवाज. बस, थांब, ये, सोड, हे चार शब्द इंग्रजीपेक्षा कशातच कमी नाहीत, छोटे आहेत, एकमेकांपासून वेगळे ऐकू येतात. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. सांगलीला एका घरी गेले होते, तिथे आई म्हणते बस, बाबा म्हणतात सिट, मुलगी म्हणते सिट डाऊन आणि आजी म्हणते बस गं बाई खाली किती नाचशील. ती बिचारी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत उभी. फ्रीजवर कागद चिकटवला, शब्द ठरवले, आणि ट्रेनरने काही न करता अर्धं काम झालं. तेवढं तुम्हीही करा.

आणि बरोबर केलं त्याच क्षणी एक ठराविक शब्द म्हणायचा, मी शाब्बास म्हणते, आणि मग खाऊ. बसायला बूड टेकलं की शाब्बास, उठल्यावर नाही. खाऊ म्हणून भाकरीचा कडक तुकडा चालेल, उकडलेलं अंडं चालेल, गाजर चालेल, पण कांदा, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट अजिबात नाही. ट्रेनरची गरज तुम्हाला मला तरी दिसत नाही. तुम्ही आयुष्यभर वर्गात पोरं शिकवलीत, ज्याला जमत नाही त्याला पट्टी मारून येत नाही हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

प्रश्न नाही, अनुभव: आम्ही न्यू जर्सीला असतो. पिल्लू घेतल्यावर इथे ग्रुप क्लास लावला, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, आणि पहिल्याच दिवशी ट्रेनर म्हणाली की हा क्लास कुत्र्यासाठी नाही तुमच्यासाठी आहे. आम्ही इंग्रजीत शिकवलं. मग भारतातून आई सहा महिन्यांसाठी आली. तिला स्टे म्हणायचं लक्षात राहायचं नाही, ती पोळ्या लाटताना त्याला थांब थांब म्हणायची आणि थांबला की कडेचा तुकडा टाकायची. आई परत गेली त्याला दोन वर्षं झाली. आजही व्हिडिओ कॉलवर ती थांब म्हणाली की हा जिथे असेल तिथे बसतो आणि ओट्याकडे बघतो.

उत्तर: आईंना माझा नमस्कार कळवा. हात एकच, जागा एकच, शब्द एकच आणि तुकडा अगदी वेळेवर, म्हणून दोन वर्षांनीही ते पुसलं गेलेलं नाही. माझ्या क्लासमध्ये हे पत्र मी वाचून दाखवणार आहे.

प्रश्न: गोल्डन रिट्रीव्हर, वय अडीच, वजन ३४ किलो आणि माझं ५२. ओढून ओढून खांदा दुखायचा. ट्रेनरने प्रॉन्ग कॉलर म्हणजे आतून काटे असलेला पट्टा घातला आणि पहिल्या दिवसापासून ओढणं बंद, खरंच जादू. पण दोन महिन्यांपासून तो समोरून दुसरा कुत्रा आला की भुंकत अंगावर जातो, आधी सगळ्यांशी खेळायचा. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात त्याला लिफ्टमध्ये आणू नका, आम्ही सातव्या मजल्यावर. काय करू? (पुणे)

उत्तर: तुमच्या खांद्याचा त्रास मला कळतो, ३४ किलोचं जनावर ओढतं तेव्हा तत्त्वज्ञान सुचत नाही. पण तुमच्या पत्रातली दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघा. काटेरी पट्टा घातला, आणि नंतर दुसरी कुत्री त्याला नकोशी झाली. त्याच्या बाजूने बघा, समोर कुत्रा दिसतो, आनंदाने पुढे जातो, आणि मानेत टोचतं. दहा वेळा, वीस वेळा हेच झालं. पट्ट्यामुळे टोचलं हे त्याला कळत नाही, त्याला कळतं ते एवढंच की कुत्रा दिसला की दुखतं. मग तो कुत्र्याला लांब हाकलायला बघतो. ओढणं थांबलं हे खरं, पण त्याच्या जागी हे आलं.

हे फक्त माझं मत नाही. पोर्तुगालमध्ये संशोधकांनी सात ट्रेनिंग स्कूलमधली ९२ पाळीव कुत्री बघितली, २०२० मध्ये ते छापून आलं, आणि झटके आणि शिक्षा देणाऱ्या स्कूलमधल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त होती, ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, तेही जास्त वाढलं होतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यांची वर्तनविषयक संघटना, तिने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की सगळ्या कुत्र्यांना, अगदी आक्रमक कुत्र्यांनाही, बक्षिसानेच शिकवावं. वेल्सने तर विजेचा झटका देणारे पट्टे २०१० मध्येच बंद केले.

लोकं मला म्हणतात ताई खाऊ देऊन कुठे मोठा कुत्रा ऐकतो का. त्यांना मी कॅरन प्रायरचं उदाहरण देते. १९६० च्या दशकात हवाईमधल्या एका सागरी पार्कात त्या डॉल्फिन शिकवायच्या, शिट्टी आणि मासे एवढ्यावर, आणि पुढे तीच पद्धत त्यांनी कुत्र्यांसाठी लोकांपर्यंत पोहोचवली. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, ओरडलात तर तो पोहून टाकीच्या दुसऱ्या टोकाला जातो. त्याला शिकवायचं तर त्यालाच यावंसं वाटलं पाहिजे.

तर काटेरी पट्टा कपाटात. छातीवर पुढे रिंग असलेला हार्नेस, म्हणजे मानेऐवजी अंगाला बांधायचा पट्टा, घ्या, त्याने ओढलं की तो आपोआप तुमच्याकडे वळतो, मानेवर काही येत नाही. लीश म्हणजे हातातली दोरी ताणली गेली की तुम्ही थांबायचं, अक्षरशः झाडासारखं, आणि सैल झाली की चालायचं. पहिले चार दिवस गेटपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतील, लागू देत. भुंकण्यासाठी अंतर वाढवा. सकाळी सातला टेकडीवर नेऊ नका, तेव्हा तिथे कुत्र्यांची जत्रा असते. रिकामा रस्ता बघा, लांब कुत्रा दिसला आणि याने नुसतं बघितलं, अजून भुंकला नाही, तेवढ्यात शाब्बास आणि चिकन. दुसरा कुत्रा दिसला की चिकन येतं हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. आठवडे नाही, काही महिने लागतील.

लिफ्टबद्दल, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना आहे, सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरायलाही अडवता येत नाही. त्याची प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या, पण भांडू नका, कारण सध्या तो भुंकतोय हे शेजाऱ्यांना खरंच भीतीदायक आहे. आत कुणी असेल तर हसून तुम्ही जा म्हणा आणि पुढची लिफ्ट घ्या.

प्रश्न: पिल्लू आठ आठवड्यांचं आहे. डॉक्टर म्हणाले सगळी इंजेक्शनं होईपर्यंत बाहेर नेऊ नका, ट्रेनर म्हणतात सहा महिन्यांनंतर आणा. कुणाचं ऐकू? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: डॉक्टरांची भीती खरी आहे, पार्व्हो हा पिल्लांचा विषाणूजन्य आजार फार वाईट, त्यामुळे रस्त्यावर खाली सोडू नका. पण साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं ते त्याला आयुष्यभर आपलंसं वाटतं आणि तो वेळ परत येत नाही. कडेवर घेऊन फिरा. रिक्षाचा आवाज, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, शाळेतली पोरं, सगळं कडेवरून दाखवा. सहा महिने थांबायचं काहीही कारण नाही, बस आणि ये आजपासून शिकवा.

प्रश्न: ट्रेनर निवडताना काय विचारायचं? सगळेच सर्टिफाईड म्हणतात. (पनवेल, आणि जवळपास याच अर्थाची अजून अकरा पत्रं)

उत्तर: आपल्याकडे डॉग ट्रेनर व्हायला सरकारी परवाना लागत नाही, उद्या कुणीही बोर्ड लावू शकतो, त्यामुळे सर्टिफिकेटच्या फ्रेमपेक्षा मी माणूस बघायला सांगते. मी एकच प्रश्न विचारते, माझा कुत्रा चुकला तर तुम्ही नक्की काय कराल? जो म्हणतो थोडं करेक्शन, म्हणजे झटका किंवा शिक्षा, द्यावं लागतं, त्याला म्हणायचं आधी करून दाखवा, माझ्या हातावर. जो म्हणतो की तो चुकला म्हणजे मी अवघड सांगितलं, सोपं करून परत विचारेन, त्याच्याकडे थांबा. शिकवताना तुम्हाला खोलीबाहेर थांबा म्हणणारा नको. दहा दिवसांत गॅरंटी देणारा नको. आणि एक गोष्ट जी तुम्हाला शब्दांत विचारता येत नाही, ट्रेनर दुसऱ्यांदा घरी येतो आणि बेल वाजते तेव्हा तुमचा कुत्रा दाराकडे धावतो की सोफ्यामागे जातो ते बघा. घरी येऊन शिकवणाऱ्याने लीश तासातली निम्मी वेळ तरी तुमच्या हातात दिली पाहिजे, नाहीतर महिन्याच्या शेवटी ट्रेनर शिकलेला असतो, तुम्ही नाही.

प्रश्न: ताई, लिहिताना हात थरथरतोय. आमचा जर्मन शेफर्ड शेरा चार वर्षांचा. खाताना जवळ गेलं की गुरगुरायचा म्हणून ट्रेनर बोलावला. ते म्हणाले ताट मधेच उचलून घ्यायचं, गुरगुरला की तोंडावर मारायचं. आठवड्यात गुरगुरणं बंद झालं, आम्ही खूश. पंधरा दिवसांनी माझा सात वर्षांचा मुलगा शेजारून गेला आणि शेराने काही आवाज न करता हाताला चावा घेतला, चार टाके पडले. ट्रेनर म्हणतात कुत्राच खराब आहे. हे म्हणतात देऊन टाकू. मला काही सुचत नाहीये. (सातारा)

उत्तर: वहिनी, आधी मुलाचं. शेराचे रेबीजचे डोस झालेले असले तरी मुलाच्या इंजेक्शनांचा निर्णय डॉक्टरांवर सोडा आणि त्यांनी दिलेली एकही तारीख चुकवू नका. बाकीच्या वाचकांसाठीही सांगते, चावलं की पहिली पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने जखम धुवायची आणि मग दवाखाना, हळद-चुना काही लावायचं नाही.

शेरा खराब नाही. गुरगुरणं म्हणजे त्याचं बोलणं होतं, जवळ येऊ नका मला भीती वाटतेय. मार बसल्यावर भीती गेली नाही, उलट वाढली, गेलं ते फक्त बोलणं. तुमच्या घरात धोक्याची घंटा होती ती कुणीतरी वायर तोडून बंद केली, आणि तुम्हाला वाटलं आग विझली.

मी हे इतकं ठामपणे का लिहिते ते सांगते. २००४ मध्ये माझा मोती पाच वर्षांचा होता. एका नावाजलेल्या माणसाकडे शिकायला नेला होता, जुन्या लष्करी थाटाची पद्धत, चोक चेन म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, आणि झटका. मोती गुरगुरायचा थांबला तेव्हा मी पेढे वाटले होते. नंतर एका संध्याकाळी माझी आई वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती, तो अजिबात हलला नाही, दगडासारखा झाला, ओठ बंद, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, आणि मग चावला. तो दगडासारखा झालेला सेकंद मला तेव्हा वाचता आला नाही. पुढे डॉक्टरांनी बघितलं तर त्याचा डावा कान आतून पिकला होता, कित्येक दिवस दुखत असणार. त्याने सांगून बघितलं होतं, आम्हीच त्याला गप्प केलं. मी हे काम शिकायला घेतलं ते त्यानंतर.

म्हणून तुम्हीही आधी शेराला डॉक्टरांकडे न्या, दात, कान, कंबर सगळं तपासायला सांगा, शेफर्डमध्ये कंबरेचं दुखणं पुष्कळ असतं. ताट उचलणं कायमचं बंद. मुलगा आणि शेरा एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय एक मिनिटही नाहीत, मध्ये लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं गेट लावा. जाळीचा मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर बांधायची टोपली, आणा, आत तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं असा, आणि तो एकदम बांधू नका, आत चिकन ठेवून त्याने स्वतः तोंड घालेपर्यंत आठ-दहा दिवस जाऊ देत. खाण्याची भीती काढायचं काम नंतर करायचं, लांबून जाताना त्याच्या ताटात अजून चांगलं काहीतरी टाकायचं आणि न थांबता पुढे जायचं, पण ते तुम्ही दोघांनी, मुलाने कधीच नाही, आणि वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्यांच्या देखरेखीखाली.

देऊन टाकण्याबद्दल. तुमचे हे म्हणतात ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, त्यांनी मुलाच्या हाताला टाके पडताना बघितलेत. घर लहान असेल, दोघांना वेगळं ठेवणं जमणारच नसेल, तर लहान मुलं नसलेलं घर शोधणं हाही प्रेमानेच घेतलेला निर्णय आहे, फक्त चावल्याची गोष्ट लपवायची नाही. पण तो निर्णय या आठवड्यात घेऊ नका, सगळे घाबरलेले आहात.

संपादकांकडे तुम्ही नंबर दिलाय, रविवारी सकाळी मी स्वतः फोन करते, तुमच्या ह्यांनाही थांबायला सांगा. तोपर्यंत शेराचं ताट आतल्या खोलीत, दार लावून, आणि तो खाऊन बाहेर यायला मागेपर्यंत त्या दाराला कुणी हात लावायचा नाही.